दादा, परवाना दाखवता का?



आज आम्ही बोलणार आहोत घरातल्या विजेबद्दल, आणि ती वीज जोडायला येणाऱ्या माणसाबद्दल. विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर गड्यांचं काम. वायरमन कोण बोलवायचा ते घरचे पुरुष ठरवतात, पैसे ते देतात, आपण चहा ठेवायचा. पण जरा दिवसभराचा हिशेब मांडून बघा. पहाटे उठून पहिलं बटण कोण दाबतं? मिक्सर कोण लावतं? नळाला पाणी आलं की ओल्या हातानं मोटर कोण चालू करतं? उन्हाळ्यात लोखंडी कूलरमध्ये पाणी कोण ओततं? धुणं तारेवर कोण टाकतं? घरातल्या विजेला सगळ्यात जास्त वेळा हात लागतो तो आपला. मग ती कुणी जोडायची हे ठरवताना आपण गप्प का बसायचं?

आजचं आमचं सांगणं दोनच गोष्टींचं आहे. काम सुरू होण्याआधी परवाना बघायचा, आणि काम संपल्यावर चाचणीचा कागद घ्यायचा. हे दोन्ही घरातल्या बाईनं मागायचं. का मागायचं आणि कसं मागायचं, ते आता सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की बसवू या. चुकीच्या वायरिंगवरही दिवा लागतो. शिवण चुकली तर कापड तिरकं दिसतं, भाकरी करपली तर वास येतो. विजेचं तसं नाही. तिला रंग नाही, वास नाही. दिवा लागला, पंखा फिरला, की आपण म्हणतो काम झकास झालं. चूक भिंतीच्या आत असते आणि ती कळते ती कुणाचा तरी हात लागल्यावर.

उदाहरण सांगतो. बटण नेहमी फेजच्या तारेवर बसवायला हवं. कुणी ते न्यूट्रलच्या तारेवर बसवलं, तरी दिवा लागतो आणि विझतोही. वरून काही फरक दिसत नाही. पण बटण बंद असलं तरी होल्डरपर्यंत करंट आलेलाच असतो. आपण बटण बंद करून निर्धास्तपणे स्टुलावर चढतो, बल्ब बदलायला हात घालतो, आणि झटका बसतो.

दुसरं उदाहरण. न्यूट्रल नीट मिळत नसला की काही जण जमिनीत सळई ठोकतात आणि तिच्यावर दिवा चालवतात. दिवा फिका झाला की सळईपाशी तांब्याभर पाणी ओततात. दिवा लागतो खरा, पण ती सळई, तिची तार आणि आजूबाजूची ओली जमीन यांच्यात करंट असू शकतो. तिथेच शेळी बांधलेली असते, तिथेच पोरं खेळतात.

तिसरं उदाहरण पत्र्याच्या घराचं. वायर पत्र्याच्या कडेवरून नेलेली असते. वाऱ्यानं पत्रा हलतो, वायरवरचं प्लास्टिक झिजतं, आणि एके दिवशी करंट पत्र्यात उतरतो. त्याच पत्र्याच्या अँगलला धुण्याची तार बांधलेली असते. बाई ओलं लुगडं वाळत टाकायला जाते. पुढचं आम्ही सांगायला नको. पावसाळा लागला की अशी बातमी पेपरात येते. एक जण चिकटला, सोडवायला दुसरा धावला, तोही गेला. म्हणून आमची पहिली विनंती अशी, की धुण्यासाठी लोखंडी तार वापरूच नका. नायलॉनची दोरी बांधा. हे काम आजच करा, त्याला कुठल्याही वायरमनची गरज नाही.

आता बघू, गावात आपण ‘वायरमन’ कुणाकुणाला म्हणतो. एक म्हणजे महावितरणचा माणूस. त्याचं काम खांबावरचं, डीपीवरचं आणि मीटरपर्यंतचं. मीटरच्या पुढची, म्हणजे घराच्या आतली वायरिंग ही आपली जबाबदारी. तिच्यासाठी माणूस आपणच शोधायचा असतो. दुसरा असतो झिरो वायरमन. तो कुणाच्या नोकरीत नाही, त्याच्याकडे कागद नाही, पण लाइनमनच्या मागे फिरून काम शिकलेला. तिसरा भावकीतला पोरगा. हुशार असतो, मोबाइल दुरुस्त करतो, गणपतीच्या मंडपाला लाइटिंग करतो. आणि चौथा म्हणजे ज्याच्याकडे सरकारचा परवाना आहे असा. आपल्याला हवा तो हा चौथा.

हे आम्ही आमच्या मनानं सांगत नाही. 2003 चा वीज कायदा आहे. त्याच्या आधारानं केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं सुरक्षेचे नियम 2010 साली केले आणि 2023 साली ते नव्यानं काढले. त्याचा साध्या भाषेत अर्थ असा. घरात नवी वायरिंग करायची, आहे ती वाढवायची किंवा बदलायची, तर ते काम परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच व्हायला हवं. त्या कामावर प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख हवी. आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे त्याचा स्वतःचा परवाना हवा. सूट आहे ती किरकोळ कामांना. जुना बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बटण काढून त्याच ताकदीचं नवं बसवायचं असेल, तर त्याला ठेकेदार लागत नाही. पण बल्बच्या वायरवरून गिझर चालवायचा, ओसरीत पिठाच्या गिरणीसाठी नवा पॉइंट काढायचा, तर ती किरकोळ दुरुस्ती नाही. ते वायरिंगचं काम आहे.

म्हणजे कागद तीन प्रकारचे झाले. ठेकेदाराचा परवाना, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, आणि वायरमनचा परवाना. सरकारी मराठीत वायरमनला ‘तारतंत्री’ म्हणतात, तेव्हा कागदावर हा शब्द दिसला तर गोंधळू नका. आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री असे दोन अभ्यासक्रम आहेत, दोन्ही दोन वर्षांचे. पण एक लक्षात ठेवा. आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजे शिक्षण झाल्याचा पुरावा. परवाना म्हणजे काम करायची सरकारची मुभा. आयटीआय झालेला प्रत्येक जण परवानाधारक असतोच असं नाही.

असा माणूस शोधायचा कुठे? पहिली जागा म्हणजे महावितरणचं जवळचं शाखा कार्यालय किंवा उपविभाग कार्यालय. नवं मीटर घेताना परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यामुळे आपल्या भागात कोणकोण परवानाधारक आहेत, हे त्या कार्यालयाला ठाऊक असतं. दुसरी जागा जिल्ह्याच्या ठिकाणचं विद्युत निरीक्षकाचं कार्यालय. तिसरी जागा तालुक्याचं आयटीआय. तिथले शिक्षक आपल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी परवाना काढलाय ते सांगू शकतात. चौथी जागा म्हणजे आपलंच गाव. गेल्या वर्षा-दोन वर्षांत ज्या घरी नवं मीटर बसलं, त्या घरी जाऊन विचारा, टेस्ट रिपोर्ट कुणी दिला, आणि तो माणूस घर बघायला स्वतः आला होता का. वायरच्या दुकानदारालाही विचारायला हरकत नाही, पण तो आपल्या रोजच्या गिऱ्हाइकाचंच नाव सांगणार हे ध्यानात ठेवा. नाव कुणीही सुचवलेलं असो, परवाना आपण आपल्या डोळ्यांनी बघायचा.

परवान्यावर तीन गोष्टी बघा. नाव समोरच्या माणसाचंच आहे का? परवान्याचा नंबर काय? आणि मुदत संपलेली तर नाही ना? परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे तारीख बघणं महत्त्वाचं. मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या किंवा झेरॉक्स मागा. वाचायला अडचण असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा.

आता खरी अडचण. मागायचं कसं? माणूस ओळखीचा असतो. बरेचदा नात्यातला असतो. परवाना मागितला तर त्याला राग येईल, घरात बोलणं होईल, सासरे म्हणतील, ‘आपल्याच पोरावर विश्वास नाही का?’ अशा वेळी गट कामाला येतो. सरळ म्हणायचं, ‘दादा, रागावू नका. आमच्या गटात ठरलंय. परवाना बघितल्याशिवाय आणि नंबर वहीत लिहिल्याशिवाय काम द्यायचं नाही. सगळ्यांनाच विचारतो, तुम्हालाही विचारलं.’ एकटीनं विचारलं तर तो संशय वाटतो. गटाचा नियम म्हणून विचारलं तर ती रीत होते. गटातून कर्ज उचलताना आपण सख्ख्या बहिणीचीही सही घेतोच ना? तसंच हे.

आणि भावकीतल्या त्या हुशार पोराला तोडायचं नाही. त्याला सांगा, ‘बाळा, परवानावाल्या ठेकेदाराच्या हाताखाली काम कर, आयटीआय कर, परवाना काढ. मग गावातली सगळी कामं तुलाच.’ हेच मुलींनाही सांगा. वीजतंत्री आणि तारतंत्री या दोन्ही अभ्यासक्रमांना मुलींना प्रवेश आहे. घरात बाई एकटी असताना काम करायला परवानाधारक मुलगी आली, तर किती बरं होईल! तोपर्यंत आपण एवढं करू शकतो, की ज्या घरी काम चालू आहे आणि बाई एकटी आहे, तिथे गटातली एक जण सोबतीला बसेल.

माणूस ठरवण्याआधी घरातल्या वापराचा हिशेब करून ठेवा. तो मागेल, आणि मागितला नाही तर आपण सांगायचा. समजा, घरात 9 वॅटचे 5 एलईडी बल्ब आहेत, ते झाले 45 वॅट. 2 पंखे, साधारण 75 वॅटचे, म्हणजे 150. टीव्ही 100, फ्रिज 200. मिक्सर 750, इस्त्री 1000. पाण्याची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर साधारण 375. आणि गटाच्या कर्जातून 1 हॉर्सपॉवरची घरगुती गिरणी घेतली, तर ती साधारण 750. सगळ्याची बेरीज 3370 वॅट, म्हणजे जवळजवळ 3.4 किलोवॅट. सगळं एकाच वेळी चालत नाही हे खरं. पण सकाळच्या घाईत मोटर, मिक्सर, इस्त्री आणि गिरणी एकदम चालू असू शकतात.

आता आपलं लाइट बिल काढा. त्यावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. तो 1 किलोवॅट असेल आणि आपला वापर तिप्पट होणार असेल, तर आधी महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज करायचा. गिरणी, मिरची कांडप, शेवयांचं मशीन धंद्यासाठी चालवणार असाल, तर तेही अर्जात सांगा. मशीन घरी येण्याआधी हे काम करायचं. मशीनसाठी कर्ज काढताना वायरिंगचा खर्चही त्यात धरा. तीस-चाळीस हजारांचं मशीन घ्यायचं आणि ते जुन्या झिजलेल्या वायरवर चालवायचं, यात मशीनही जळतं आणि घरही जळू शकतं.

मग अंदाज मागा. आपल्याकडे वायरिंगची मजुरी पॉइंटवर ठरते. एक दिवा एक पॉइंट, एक पंखा एक पॉइंट, एक प्लग एक पॉइंट. दर गावागावात वेगळा असतो, म्हणून दोघांकडून तरी अंदाज घ्या, आणि तो तोंडी नको, कागदावर हवा. त्यात काय काय लिहून घ्यायचं? एकूण पॉइंट किती. साधे किती आणि गिरणी-गिझरसारखे पॉवरचे किती. पट्टी फिटिंग की भिंतीतली. मजुरी किती. माल कोण आणणार. अर्थिंग त्यात धरलंय का. टेस्ट रिपोर्टचे पैसे त्यातच आहेत का वेगळे. आणि काम किती दिवसांत होणार. अर्थिंग आणि टेस्ट रिपोर्ट या दोन गोष्टी अंदाजातून हमखास गळतात आणि शेवटी ‘एवढे वाढीव द्या’ म्हणून समोर येतात. म्हणून आधीच विचारा.

माल शक्यतो आपण स्वतः दुकानात जाऊन घ्या, ठेकेदाराकडून यादी लिहून घ्या आणि पक्कं बिल मागा. वायरवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 694 हा नंबर छापलेला असतो, तो बघा. जाडीचं गणित ठेकेदार सांगेलच, पण आपल्यालाही साधारण माहीत असावं. दिवे-पंख्यांसाठी 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरतात. 16 अँपिअरच्या मोठ्या प्लगसाठी 2.5 किंवा 4 ची. गिरणीच्या प्लगला दिव्याची बारीक वायर कुणी लावत असेल, तर तिथेच हात धरा. रंगही ओळखून ठेवा. लाल, पिवळा किंवा निळा म्हणजे फेज. काळा म्हणजे न्यूट्रल. हिरवा म्हणजे अर्थिंग. ही शिस्त पाळली असेल, तर उद्या दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला कुठली तार कसली ते कळतं.

आता दोन छोट्या डब्यांबद्दल बोलू. एक एमसीबी आणि दुसरी आरसीसीबी. दोघी दिसायला सारख्या, पण कामं वेगळी. वायरमधून जास्त करंट गेला, वायर तापायला लागली, की एमसीबी खाली पडते. म्हणजे ती वायरला वाचवते, घराला आगीपासून वाचवते. पण माणूस मरायला लागणारा करंट इतका थोडा असतो, की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. ती सतत तोलत असते, की फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का? मधेच थोडा जरी कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, तरी ती एका सेकंदाच्या आत लाइट तोडते. घरासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी घेतात. अंदाजाच्या कागदावर हा आकडा लिहून घ्या. खर्च वाचवायचा म्हणून कुणी म्हणेल, ‘एमसीबी आहे ना, हिची काय गरज?’ तेव्हा त्याला सांगा, ‘दादा, ती वायरसाठी आहे, ही आमच्यासाठी आहे.’

आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं, त्याच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं असतं. लाइट असताना ते दाबलं की लाइट जायला हवी. गेली तर आरसीसीबी जिवंत आहे. नाही गेली तर ती बदलायची वेळ आली. महिन्यातून एकदा हे बटण दाबायचं. तारीख लक्षात राहत नसेल तर गटाच्या बैठकीचा दिवस धरा. बैठकीला निघताना बटण दाबायचं आणि मग घराबाहेर पडायचं.

अर्थिंगचं काम चालू असताना मात्र स्वतः उभं राहून बघा. एकदा खड्डा बुजला की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. पाइपचं अर्थिंग असेल तर साधारण अडीच मीटर लांबीचा जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप जमिनीत उभा जातो, भोवती कोळसा आणि मीठ भरतात. हातभर खड्ड्यात सळई खुपसली म्हणजे अर्थिंग झालं नाही. नळाच्या पाइपला तार गुंडाळली म्हणजेही झालं नाही. उलट त्यामुळे नळाला करंट येऊ शकतो. त्या अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक तीन भोकांच्या प्लगपर्यंत आली पाहिजे, वरच्या मोठ्या भोकाला जोडलेली. कूलर, मोटर, गिरणी, फ्रिज यांची तिसरी पिन कधीही तोडू नका. लोखंडी कूलरमध्ये करंट उतरला, तर त्याला जमिनीत न्यायची वाट ती पिनच असते. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहा. तुळशीला घालता तसं तिथेही एक तांब्या.

काम संपलं. आता चाचणी. वायरचं आवरण धड आहे का हे मेगर नावाच्या यंत्रानं बघतात. अर्थिंग किती ओहमचं आलं ते मोजतात, आकडा जितका कमी तितकं चांगलं. प्रत्येक बटण फेजवर आहे का ते तपासतात. आरसीसीबीचं बटण दाबून बघतात. मग ठेकेदार आपल्या सहीचा, परवाना नंबर असलेला टेस्ट रिपोर्ट देतो. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काही ठिकाणी ही सही विकत मिळते. काम करणारा दुसराच असतो, परवाना तिसऱ्याचा असतो, आणि त्या तिसऱ्यानं घराचा उंबराही बघितलेला नसतो. असा कागद मीटर मिळवायला चालून जाईल, पण तो आपला जीव वाचवणार नाही. म्हणून पैशांचा शेवटचा हप्ता हातात ठेवा. ठरवतानाच सांगा, ‘तुम्ही स्वतः येऊन यंत्र लावाल, आम्हाला आकडे दाखवाल, रिपोर्ट द्याल, त्या दिवशी उरलेले पैसे रोख मोजून देऊ.’

कुणी विचारेल, परवानाधारक माणूस चुकत नाही का? चुकू शकतो. पण त्याचं नाव, नंबर आणि सही आपल्याकडे असते, आणि तो कुणाला तरी जबाबदार असतो. काम वाईट झालं तर विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. पैसे घेऊन काम नीट केलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915. त्यासाठी बिल आणि अंदाजाचा कागद जपून ठेवा. झिरो वायरमनच्या बाबतीत यातलं काहीच हातात नसतं.

मीटरच्या अलीकडचं काही बिघडलं असेल, खांबावरून येणारी वायर पत्र्याला घासत असेल, तार लोंबत असेल, तर तिला घरातल्या माणसानं हात लावायचा नाही आणि झिरो वायरमनला खांबावर चढवायचं नाही. महावितरणच्या 1912 या नंबरवर तक्रार करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. खांबावर चढवलेला तो पोरगाही कुणाच्या तरी घरचा असतो. त्याच्या आईलाही त्याची वाट बघायची असते.

आणि एवढं करूनही कुणाला शॉक बसलाच, तर काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, कितीही जवळचा असला तरी. आधी मेन स्विच बंद करायचा. म्हणून मेन स्विच कुठे आहे हे लहान पोरांनाही दाखवून ठेवा आणि त्याच्यासमोर पोती, सायकल रचू नका. मेन बंद करता येत नसेल, तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडानं वायर बाजूला सारायची. खांबावरची तार तुटून पडली असेल तर लाकूडही नको, लांब राहायचं आणि महावितरणला कळवायचं. माणूस सुटला की 108 ला फोन. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोरानं आणि भराभर दाबत राहायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. मातीत पुरणं, अंगाला काही चोळणं यात वेळ घालवायचा नाही. आणि माणूस उठून बसला, ‘मला काही झालं नाही’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचंच.

मैत्रिणींनो, शेवटी गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत वहीचं एक कोरं पान काढा. त्यावर रकाने आखा. ठेकेदाराचं किंवा वायरमनचं नाव. परवान्याचा नंबर. मुदत कधी संपते. गावात कुणाच्या घरी काम केलं. टेस्ट रिपोर्ट स्वतः येऊन दिला का. दोन जणी महावितरणच्या कार्यालयात जाऊन नावं आणतील, दोन जणी गावात चौकशी करतील. महिन्याभरात पान भरेल. मग ते ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवा, म्हणजे बाकीच्या गटांनाही उपयोग होईल. आणि चार-पाच घरांची वायरिंग एकदमच करायची असेल, तर एकाच ठेकेदाराला एकत्र बोलवा. पाच घरांचं काम मिळतंय म्हटल्यावर दरही कमी होतो, आणि आडगावात यायला जो आधी नाही म्हणत होता तोही येतो. ज्या बहिणीकडे पैसे नाहीत, तिला गटातून उसने द्या. सगळी वायरिंग जमत नसेल तर निदान अर्थिंग आणि आरसीसीबी एवढं तरी आधी होऊ द्या.

आज घरी गेल्यावर एवढं करा. धुण्याची तार काढून दोरी बांधा. मेन स्विच कुठे आहे ते पोरांना दाखवा. लाइट बिल काढून मंजूर भार किती ते बघा. आणि पुढच्या वेळी घरात वायरिंगचं काम निघालं, की चहाचं आधण ठेवण्याआधी ओसरीत येऊन एक प्रश्न विचारा, ‘दादा, परवाना दाखवता का?’